रात्री बारा ते पहाटे साडेपाच : सोलापुरातल्या एका पहिल्या नोकरीचा प्रकरण अभ्यास

टॉवेलच्या उत्पादनाचा आकडा दर महिनाअखेर जुळत नव्हता. कधी नोंदवहीपेक्षा कॉम्प्युटरमध्ये माल जास्त दिसायचा, कधी कमी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला हा कारखाना फार मोठा नाही. फरकही थोड्या डझनांचाच होता. पण रात्रपाळीच्या उत्पादनाच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर चढवणारे कारकून, ज्यांना तिथे सगळे मामा म्हणतात, त्यांच्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले होते. आकडा कमी आला की मामांनी चिठ्ठ्या चढवल्या नाहीत. जास्त आला की वहीत कमी लिहून माल कुठे गेला? दोन्हीकडून बोट त्यांच्यावरच.

हा फरक कुठून येतो ते तिथे बिलिंगला बसणाऱ्या एका मुलीने शोधून काढलं. पुढे तिला पुण्यात आयटीतली पहिली नोकरी मिळाली ती या कामामुळे. मी बरीच वर्षं डेटाबेस सपोर्टमध्ये काम केलं आहे आणि आता सोलापुरात राहून घरूनच करते. रविवारी मुलं-मुली येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, कुठला कोर्स करू?" मला या प्रश्नाचं चांगलं उत्तर कधीच देता आलं नाही. या प्रकरणात ते आहे असं मला वाटतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. मुलीच्या परवानगीने लिहिते आहे. तिचं, कारखान्याचं नाव देत नाही.

ती कुठून आली

घर कन्ना चौकाच्या बाजूला. वडील जेकार्डच्या मागावर चादर विणतात, आई विड्या वळते. घरात तेलुगू, शाळा मराठी, कॉलेजचे पेपर इंग्रजीत. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. तिने बीएस्सी एन्टायर कॉम्प्युटर सायन्स केलं, पहिल्या वर्गात. सी, जावा, डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस हे सगळे विषय झालेले. मग आईच्या भिशीचे पैसे भरून पुण्यात सहा महिन्यांचा फुल स्टॅक (वेबसाइटचा दिसणारा आणि आतला, दोन्ही भाग बांधायला शिकवणारा) क्लास केला. जाहिरातीत शंभर टक्के प्लेसमेंट लिहिलं होतं.

क्लासमध्ये शिकवणं वाईट नव्हतं, हे ती स्वतः सांगते. अडचण वेगळी होती. बॅचमधल्या सगळ्यांचा प्रोजेक्ट एकच, शॉपिंगची साइट. बटणांचे रंग तेवढे निरनिराळे. रेझ्युमेवर चौदा तंत्रज्ञानांची नावं. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या साइटवर एकाच गिऱ्हाइकाची ऑर्डर दोनदा पडली, तर सगळ्यात आधी काय बघाल?" तिला काहीच सुचलं नाही. साइट तिने बांधली होती, पण बिघडलेली कधी पाहिलीच नव्हती. शिकवताना सगळं पहिल्या फटक्यात चालायचं.

असे सात-आठ नकार झाल्यावर क्लासने सुचवलं की दोन वर्षांचा खोटा अनुभव दाखवू, पत्र आम्ही देऊ. ती नाही म्हणाली. वडिलांना विचारलं, तेही नाही म्हणाले. या ठिकाणी थांबून सांगते, कारण दर रविवारी कुणीतरी हे विचारतं. अनुभवाचं पत्र छापता येतं, पण पगारातून कापलेला पीएफ यूएएन या पीएफच्या कायमच्या क्रमांकाखाली महिन्यावार नोंदलेला असतो. पडताळणी करणाऱ्या कंपन्या तोही बघू शकतात. नोकरी लागून सहा महिन्यांनी हे उघड झालं की माणूस दुपारी लॅपटॉप जमा करून बाहेर येतो. अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यात बुद्धी कमी नव्हती, आणि म्हणूनच फार वाईट वाटतं.

हुतात्मा एक्सप्रेसने ती परत आली. घरी बसून काय करायचं, म्हणून या कारखान्यात बिलं करायला लागली.

फरकाचा माग

शेठनी तिला हे काम सांगितलेलं नव्हतं. मामा एकदा तिच्या टेबलाजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "मी एक पण चिठ्ठी सोडलो नाही बाई. तू कॉम्प्युटर शिकलीस ना, बघ की जरा." तिथून सुरुवात झाली.

तिने पहिला प्रश्न विचारला तो मला आजही सगळ्यात चांगला वाटतो: हे कधीपासून होतंय? हिशेबनीसांनी जुने कागद काढले. दिवाळीच्या आधीपर्यंत आकडा डझनाला डझन जुळत होता. दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली ती अशी की विक्रीचा आकडा कधीच चुकत नाही, उत्पादनाचाच चुकतो. प्रोग्राम तोच, डेटाबेस तोच. मग एक बरोबर आणि एक चूक कसं?

तिने एका महिन्याच्या चिठ्ठ्या एक्सेलमध्ये टाकल्या आणि महिन्याऐवजी रोजचा आकडा कॉम्प्युटरच्या शेजारी लावला. तिला वाटलं होतं की तीसपैकी दोन-तीन दिवस चुकलेले सापडतील. चुकले होते सगळेच. पाच तारखेच्या मालातले काही डझन चार तारखेवर चढलेले. सहाच्या मालातले काही पाचच्या खात्यावर. रोज चुकीच्या तारखेत जाणारा माल बराच होता, पण महिन्याची बेरीज केली की तो आतल्या आत फिटत होता. उरत होतं ते फक्त दोन टोकांना: एक तारखेच्या पहाटेचा माल मागच्या महिन्यात गेलेला आणि पुढच्या एक तारखेचा या महिन्यात आलेला. त्या दोन रात्रींपैकी कुठल्या रात्री माग जास्त चालले, त्यावर महिन्याचा फरक जास्तीचा की कमीचा हे ठरत होतं.

हे तिने घरी जेवताना वडिलांना सांगितलं. ती त्यांना नान्ना म्हणते. त्यांनी डेटाबेस कधी पाहिलेला नाही, पण नक्षीतला दोष कसा शोधायचा हे त्यांच्या हातात मुरलेलं आहे. जेकार्डमध्ये नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांवर असते. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एका धाग्याला एक कार्ड. ज्या जागी भोक असेल तो हूक उचलला जातो, त्याच्याबरोबर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलले जातात. ते म्हणाले, फुलाची पाकळी मोडली की मी आधी मोजतो. दर फुलात त्याच ओळीला मोडत असेल तर त्या ओळीचं कार्ड फाटलंय. थानभर उभी रेघ पडत असेल तर हूक नाहीतर हार्नेसची दोरी गेली. कुठेही, कसंही होत असेल तर सूत खराब. दोष परत कधी येतो ते बघ, मग हात कुठे घालायचा ते कळतं.

१८०४ साली फ्रान्समध्ये जाकार्डने हे यंत्र पुढे आणलं. कार्डांची ही कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथने माहिती मोजायलाही भोकांची कार्डं वापरली. सोलापूरच्या मुलांना कॉम्प्युटरचा इतिहास शिकवताना आपण बॅबेजपासून सुरुवात करतो आणि शेजारच्या शेडमध्ये खडखडणारा माग दाखवत नाही, याची मला खंत आहे.

दुसऱ्या दिवशी तिने दोष परत कधी येतो ते बघायचं ठरवलं. चिठ्ठीवर तारीख होती, वेळ नव्हती. रिपोर्टमध्येही तारीखच होती. तिने मामांना विनंती केली, तीन रात्री प्रत्येक चिठ्ठीच्या मागे, कॉम्प्युटरवर चढवताना घड्याळात किती वाजले ते लिहा. रात्री बारानंतर चिठ्ठीवर नवी तारीख टाकायची हा तिथला रिवाज, आणि मामा चिठ्ठी आली की लगेच चढवतात, सकाळवर ठेवत नाहीत. प्रोग्राम लिहिणाऱ्या गृहस्थांना फोन करून तिने डेटाबेस नुसता वाचण्यापुरता उघडून घेतला. बदल करण्याचा अधिकार मागितला नाही. तिच्या वयात मी मागितला असता.

मग चिठ्ठ्या आणि डेटाबेसमधला टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, शेजारी ठेवले. मामांच्या अक्षरात पाच तारीख, रात्री २.१०. टेबलमध्ये चार तारीख, २०:४०. पुढची चिठ्ठी ३.२५ ची, टेबलमध्ये आदल्या रात्रीचे २१:५५. तिन्ही रात्रींच्या सगळ्या चिठ्ठ्यांत फरक साडेपाच तासांचा.

त्या रविवारी ती वही घेऊन माझ्याकडे आली. "ताई, साडेपाचच का?" उत्तर मला लगेच कळलं होतं, पण मी एवढंच विचारलं की प्रोग्राम ज्या मशीनवर चालतो ते कुठे ठेवलंय. तिला माहीत नव्हतं. तिने तिथूनच फोन लावला. दिवाळीच्या सुमारास ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बंद पडला होता, तेव्हा सगळं भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या मशीनवर, हलवलं होतं. फोन ठेवल्यावर ती क्षणभर गप्प बसली आणि मग म्हणाली, "ते मशीन आपल्या घड्याळावर नाहीये."

भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ती जागतिक समन्वित वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर लावलेले असतात. प्रोग्राम नोंद करताना सर्व्हरलाच विचारत होता, आता किती वाजले? सकाळी दहाला केलेलं बिल साडेचारचं म्हणून नोंदलं जायचं, पण तारीख तीच राहायची, म्हणून विक्री जुळत होती. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतली चिठ्ठी मात्र आदल्या तारखेत जाऊन पडायची. आणि त्या वेळेत त्या कॉम्प्युटरवर एकच माणूस बसायचा.

दुरुस्ती, आणि तिथे होता होता टळलेली चूक

नव्या नोंदींसाठीचा उपाय छोटा होता. प्रोग्राम मायएसक्यूएलला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, जोडला जातो तेव्हा त्या जोडणीचं वेळक्षेत्र (टाइमझोन) +०५:३० ठरवणारी एक ओळ. ती प्रोग्रामवाल्या गृहस्थांनी टाकली. जुन्या नोंदींचं काय करायचं हा अवघड भाग होता, आणि शेठनी तो तिच्यावर सोपवला.

तिने एका एआय चॅटबॉटला विचारलं की सगळ्या वेळा साडेपाच तासांनी मागे आहेत, दुरुस्त कशा करू? त्याने टेबलमधल्या प्रत्येक नोंदीत साडेपाच तास मिळवणारी आज्ञा लिहून दिली. आज्ञा व्याकरणाने अगदी बरोबर होती. चालवली असती तर दिवाळीआधीच्या, मुळात बरोबर असलेल्या काही वर्षांच्या नोंदी बिघडल्या असत्या. संध्याकाळी साडेसहानंतरची प्रत्येक नोंद पुढच्या तारखेत गेली असती. सर्व्हर बदलल्याची गोष्ट तिने प्रश्नात सांगितलीच नव्हती, त्यामुळे उत्तरात ती येणार कुठून? ही साधनं वापरू नका असं मी म्हणणार नाही, मीही रोज वापरते. पण प्रकरण ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्यांना नीट विचारता येतं.

तिला वाचवलं ते एका सवयीने, जी मी रविवारच्या मुलांना पहिल्या दिवसापासून लावते. बदलाची आज्ञा चालवण्याआधी तीच अट घालून नुसतं वाचून बघायचं: किती ओळी येतात आणि कुठल्या? तिने वाचलं, तर आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी पट ओळी आल्या. ती थांबली. संपूर्ण डेटाबेसचा बॅकअप घेतला, आपल्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल टाकून तो तिथे उघडला, आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर केलं.

आता प्रश्न होता, नेमकं कुठल्या नोंदीपासून घड्याळ बदललं? सर्व्हर कधी हलवला ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. "दिवाळीच्या सुमारास" हे काही आज्ञेत लिहिता येत नाही. तिने नोंदी अनुक्रमांकाने लावल्या आणि वेळेचा रकाना खाली खाली वाचत गेली. अनुक्रमांक नव्या नोंदीबरोबर वाढतच जातो, वेळही त्याच्याबरोबर पुढे सरकते. एका ठिकाणी एक नोंद १६:०५ ची आणि तिच्या लगेच खालची, पुढच्याच क्रमांकाची, त्याच दिवशीची १०:५०. क्रमांक पुढे गेला आणि घड्याळ मागे आलं. तोच सांधा. शेवटचं टोक तर ठाऊकच होतं, दुरुस्तीची ओळ टाकल्यानंतरची पहिली नोंद. या दोन क्रमांकांच्या मधल्या नोंदींनाच साडेपाच तास मिळवायचे, मागच्या-पुढच्या एकीलाही हात लावायचा नाही.

प्रतीवर चालवून तिने तिन्ही रात्रींच्या चिठ्ठ्या परत लावून पाहिल्या, मग दिवाळीनंतरच्या प्रत्येक महिन्याचं उत्पादन. सगळं जुळलं. मग रविवारी, माग बंद असताना, प्रोग्रामवाल्या गृहस्थांना शेजारी बसवून मूळ डेटाबेसवर चालवलं.

तिने काय लिहिलं

हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा. काम संपल्यावर मी तिला म्हटलं, आता हे एका पानात लिही. पहिला मसुदा असा होता: "रिपोर्ट चुकत होता, टाइमझोनचा प्रॉब्लेम होता, सॉल्व्ह केला." यातून मामांवरचा संशय का चुकीचा होता हे शेठना कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी सर्व्हर परत बदलला तर काय तपासायचं हे कुणालाच कळणार नाही.

चार वेळा लिहून झाल्यावर पान उभं राहिलं. काय दिसत होतं, कधीपासून, कुठे दिसत नव्हतं, कोणत्या पुराव्यावरून कारण ठरवलं, काय बदललं, बदलाआधी काय जपून ठेवलं, आणि परत झालं तर पहिली नजर कुठे टाकायची. आधी मराठीत लिहिलं, कारण विचार मराठीतच स्वच्छ होत होता. मग इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. इंग्रजीची भीती घालवायला स्पीकिंगच्या क्लासपेक्षा हा सराव जास्त उपयोगी पडतो असा माझा अनुभव आहे. सपोर्टच्या नोकरीत दिवसभर टिकेट (तक्रारींच्या नोंदी) आणि मेल लिहायचे असतात. तिथे उच्चारापेक्षा क्रम आणि नेमकेपणा बघितला जातो.

रेझ्युमेवरची चौदा नावं तिने खोडली. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), लिनक्सच्या रोजच्या आज्ञा, गिट (कोडमधले बदल जपून ठेवणारं साधन), जावा एवढंच ठेवलं, आणि खाली या प्रकरणाच्या सहा ओळी. एसक्यूएल सगळ्यात वर ठेवायचा आग्रह माझा. १९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांत मांडून ठेवण्याच्या, रचनेवर आजही बँका, रेल्वेची तिकिटं आणि कारखान्यांचे हिशेब चालतात. वरची फ्रेमवर्कं दर काही वर्षांनी बदलतात. खालचा टेबल तसाच राहतो. सुरुवातीला वेळ कुठे घालवायचा याचा हिशेब मी असा करते. लिनक्स आणि नेटवर्कचं मूलभूत ज्ञान, म्हणजे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी व्यवस्था) काय करतं, पोर्ट म्हणजे काय, लॉग कुठे बघायचा, हेही त्याच हिशेबात येतं. यातलं काहीही शिकायला भिशी मोडावी लागत नाही. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, लिनक्स, गिट ही सगळी फुकट मिळतात, आणि स्वयम व एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरचे पाठ मोफत बघता येतात.

मुलाखत

पद होतं ॲप्लिकेशन सपोर्ट इंजिनिअरचं, म्हणजे चालू प्रोग्राममधल्या अडचणी सोडवण्याचं. आपल्याकडे मुलं या कामाला कमी लेखतात, कोडिंग नाही म्हणून. मी याच वाटेने आले. सपोर्टमध्ये दोन-तीन वर्षं मन लावून काढली की चालू यंत्रणा आतून कळते, आणि तिथून डेटाबेस प्रशासन, क्लाउड, डेटा इंजिनिअरिंग, टेस्टिंग अशा वाटा फुटतात. रात्रपाळी आणि ऑन-कॉलचा, म्हणजे केव्हाही फोन येण्याचा, त्रास असतो, तो लपवण्यात अर्थ नाही.

पाऊण तासाच्या मुलाखतीतला अर्ध्याहून जास्त वेळ त्या सहा ओळींवरच गेला. त्यांनी विचारलं, सर्व्हरचंच घड्याळ भारतीय वेळेवर का लावलं नाही? तिने सांगितलं की त्या सर्व्हरवर इतरही गोष्टी चालतात, त्यांच्या नोंदी यूटीसीत आहेत, एकाची दुरुस्ती करताना दुसऱ्याची मोडतोड नको. मग विचारलं, हाच कारखाना लंडनमध्ये असता तर? ती म्हणाली, नक्की माहीत नाही, पण तिथे उन्हाळ्यात घड्याळ बदलतं असं ऐकलंय, म्हणून ठरावीक तास मिळवून चालणार नाही एवढं कळतं. उत्तर अर्धवट होतं आणि पुरेसं होतं. अशा वेळी ठरावीक फरकाऐवजी ठिकाणाच्या नावाचं वेळक्षेत्र वापरतात, हे तिने घरी येताना गाडीतच वाचून काढलं.

डीएनएसवर मात्र ती अडखळली, आणि नकाराची तयारी ठेवूनच परत आली. दोन आठवड्यांनी पत्र आलं. पगार क्लासच्या जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा बराच कमी होता. पुण्यातलं भाडं, खाणावळ आणि घरी पाठवायचे पैसे असा हिशेब तिने आईसोबत बसून केला, आणि हो म्हणाली.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला ती घरी आली तेव्हा कारखान्यात सगळ्यांना भेटून आली. आकडे अजून जुळतात. शेठनी त्यानंतर मामांना बोलावून, हिशेबनीसांच्या देखत, चूक मशीनची होती असं सांगितलं होतं. तिने तीन रात्रींपुरतंच सांगितलं होतं, पण मामा आजही प्रत्येक चिठ्ठीच्या मागे वेळ लिहितात. तिने नवी चिठ्ठी उलटून पाहिली. निळ्या शाईत, नीट, रात्री १.४०.